नवी भाषा, जुने हिशेब

२०२५ च्या जूनअखेरीस रेल्वे मंत्रालयाने एक घोषणा केली. प्रवासी आरक्षणाची सध्याची संगणक प्रणाली मिनिटाला सुमारे ३२ हजार तिकिटे देऊ शकते. नव्या प्रणालीची क्षमता दीड लाखाहून अधिक असेल. चौकशीची क्षमताही मिनिटाला चार लाखांवरून चाळीस लाखांवर जाईल. बहुतेकांचे लक्ष साहजिकच या आकड्यांकडे गेले. मला मात्र त्या बातमीतील ‘सध्याची’ हा शब्द अधिक बोलका वाटला. संसदेत दिलेल्या उत्तरानुसार सध्याची प्रणाली २०१० मध्ये कार्यान्वित झालेली असून ती इटॅनियम सर्व्हरवर, ओपन-व्हीएमएस या कार्यप्रणालीवर चालते. व्हीएमएसचा जन्म १९७७ च्या व्हॅक्स संगणकाबरोबरचा. म्हणजे मोबाइलवर बोट टेकवून आपण जे तिकीट काढतो, त्याचा अखेरचा निर्णय माझ्या जन्माआधीपासून चालत आलेल्या एका घराण्यात होतो.

मी बेंगळुरूमध्ये संशोधन करतो. भौतिकशास्त्र हा माझा विषय. येथे भेटणारे विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतात : कोणती प्रोग्रामिंग भाषा शिकावी? प्रश्नामागे एक गृहीतक असते, की नवी भाषा शिकली म्हणजे कोऱ्या पाटीवर लिहायला मिळेल. भारतीय संगणनाचा इतिहास या गृहीतकाला दुजोरा देत नाही. येथे बहुतेकांनी नवी भाषा शिकली ती आधीच कोणीतरी लिहून ठेवलेल्याच्या शेजारी बसून काम करण्यासाठी. तो इतिहास थोडक्यात मांडतो. प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

*मुंबई, १९७४*

व्यापारी हिशेबांसाठी कोबोल ही भाषा १९५९-६० मध्ये अमेरिकेत आकाराला आली. सरकारी खाती आणि संगणक कंपन्या यांच्या एका समितीने ती घडवली. हेतू असा, की एका कंपनीच्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरही चालावा. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगळ्या उत्पादकांच्या संगणकांवर चालवून हे शक्य असल्याचे दाखवण्यातही आले. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक कंपनीने स्वतःची बोली निर्माण केली. एवढेच नव्हे, एकाच कंपनीच्या दोन यंत्रांवरील कोबोलसुद्धा तंतोतंत एक नसे.

याच फटीतून भारतीय सॉफ्टवेअर निर्यातीचा एक आरंभबिंदू निघाला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली वाढली. १९७४ च्या सुमारास तिला अमेरिकेतील बरोज कंपनीकडून काम मिळाले : रुग्णालयाच्या हिशेबांचा एक प्रोग्राम बरोजच्या मध्यम श्रेणीच्या यंत्रावरील कोबोलमधून लहान श्रेणीच्या यंत्रावरील कोबोलमध्ये आणायचा. कोबोलमधून कोबोलमध्ये! ऐकायला हे काम क्षुल्लक वाटते. परंतु बरोजची मध्यम श्रेणीची यंत्रे दशमान पद्धतीने, म्हणजे थेट आपल्या दहा अंकांत, आकडेमोड करणारी होती. स्मृतीतील जागांचे क्रमांकही दशमानात असत. लहान श्रेणीची रचना अगदी निराळी. प्रत्येक भाषेसाठी यंत्राचे अंतरंगच सूक्ष्म आज्ञांनी नव्याने घडवले जाई.

मुंबईतील चमूपुढे आणखी एक अडचण होती. हाताशी असलेला संगणक बरोजचा नव्हता. तो आयसीएल १९०३ हा ब्रिटिश संगणक होता. तेव्हा त्यांनी आयसीएलवर चालणारा एक गाळणीवजा प्रोग्राम लिहिला. त्यात एका बाजूने जुने कोबोल घालायचे आणि दुसऱ्या बाजूने नवे कोबोल काढायचे. म्हणजे तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रावर बसून पहिल्या यंत्राची भाषा दुसऱ्या यंत्राच्या भाषेत नेली. हे करायला दोन्ही बोलींचे व्याकरण पाठ असणे पुरेसे नव्हते. मूळ लेखकाने अमुक ओळ अशीच का लिहिली, त्यातले यंत्रामुळे किती आणि रुग्णालयाच्या व्यवहारामुळे किती, हे वेगळे काढावे लागले. माझ्या मते वाचनाची ही कला हेच या उद्योगाचे मूळ भांडवल होय. ती आपण स्वखुशीने निवडली असे नाही. परकीय चलनाची टंचाई, संगणकाच्या आयातीवरील जबर कर आणि आयातीबरोबर येणारी निर्यातीची अट यांनी ती आपल्यावर लादली.

*पुणे, बेंगळुरू आणि दोन अंकी वर्ष*

१९७८ मध्ये परकीय भांडवलविषयक कायद्याच्या अटी मान्य न करता आयबीएमने भारत सोडला. तिची यंत्रे मात्र येथेच राहिली, त्यांवरचे प्रोग्रामही राहिले. त्यांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. दुसऱ्याने मांडलेला संसार चालवण्याचा हा दुसरा धडा.

१९८१ मध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी इन्फोसिस स्थापन केली आणि १९८३ मध्ये मायको या येथील कंपनीच्या कामाच्या निमित्ताने ती बेंगळुरूला आली. १९८१ मध्येच पुण्यात टाटा समूहाचे संगणक संशोधन केंद्र उभे राहिले. जुना प्रोग्राम वाचून त्याची छाननी करणारी साधने तयार करणे हा पुढे त्याच्या कामाचा महत्त्वाचा भाग झाला. याच सुमारास, १९८२ मध्ये, कानपूरच्या आयआयटीत फोर्ट्रान शिकवून एक पिढी घडवलेले प्राध्यापक वैद्येश्वरन राजारामन बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. त्यांची पाठ्यपुस्तके ओळीने लावली तर एक गोष्ट ध्यानात येते. आधी फोर्ट्रान, मग पास्कल, मग सी. भाषा बदलत गेली. विद्यार्थ्याने प्रश्नाची पायरीपायरीने उकल करावी हा आग्रह तोच राहिला. फोर्ट्रानचीही त्यांनी आवृत्तीमागून आवृत्ती काढली. नवी भाषा आली म्हणून जुनी टाकून द्यायची असते, असे त्या पुस्तकांत कुठेही सूचित होत नाही.

या सर्व तयारीची परीक्षा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली. स्मृती महाग होती त्या काळात वर्ष दोनच अंकांत लिहिण्याची प्रथा पडली होती. १९९९ नंतर येणारे ‘००’ म्हणजे १९०० की २०००, हे यंत्राला कळणार नव्हते. जगभरच्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांच्या कोट्यवधी ओळींच्या कोबोलमध्ये तारखा शोधायच्या होत्या. पाश्चात्त्य विद्यापीठांतील तरुण तोवर जावाकडे वळले होते. हे काम मोठ्या प्रमाणावर भारतीयांनी केले.

त्यात पुष्कळ ठिकाणी वर्ष चार अंकी केलेच नाही. त्याऐवजी एक सीमारेषा ठरवली : समजा ५० पेक्षा लहान अंक आला तर २००० नंतरचे वर्ष, मोठा आला तर १९०० नंतरचे. ही उपाययोजना स्वस्त, जलद आणि प्रामाणिक होती. पण ती सीमारेषा का आणि कुठे आखली, हे प्रत्येक ठिकाणी लिहून ठेवले गेले असेल का? पुढच्या माणसाला ती ओळ दिसेल; कारण दिसणार नाही.

*तिकिटाच्या मागे*

आता पुन्हा रेल्वेकडे येऊ, कारण जुन्याशेजारी नवे उभे करण्याचे याहून ठळक उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

संगणकाआधी प्रत्येक गाडीची नोंदवही असे आणि त्या त्या खिडकीवरच तिचे आरक्षण मिळे. १९८५ मध्ये सीएमसीच्या साहाय्याने नवी दिल्लीत ‘इम्प्रेस’ ही संगणकीय आरक्षण प्रणाली प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. नंतर मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद अशी केंद्रे उभी राहिली. मात्र प्रत्येक केंद्र स्वतंत्र होते. १९९० च्या दशकात रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ प्रणाली तयार केली आणि १९९९ पर्यंत ही पाचही केंद्रे एकमेकांशी जोडली गेली. तिची भाषा सी आणि फोर्ट्रान. विज्ञानातील सूत्रांसाठी १९५७ मध्ये अवतरलेली फोर्ट्रान भारतात तिकिटे विकत होती!

ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकीटविक्री सुरू केली. येथे एक महत्त्वाचा निर्णय झाला, ज्याची चर्चा फारशी होत नाही. आसनांचा हिशेब संकेतस्थळाकडे दिला नाही. तो जुन्या प्रणालीकडेच राहिला. संकेतस्थळ नव्या भाषांत लिहिले गेले, २०१४ मध्ये ते नव्याने उभारलेही गेले. पण आसन कोणाचे, हा प्रश्न ते आजवर मागच्या घरात विचारत आले. रात्री पावणेबाराच्या सुमारास काही वेळ आरक्षण बंद असते, हा अनुभव अनेकांना असेल. दुकान बंद करून दिवसाचा हिशेब मिटवणाऱ्या पेढीची ती सवय आहे.

हा निर्णय का योग्य होता? आरक्षणाच्या प्रोग्राममध्ये केवळ आसने नसतात, नियम असतात. महिलांचा कोटा, ज्येष्ठ नागरिक व ४५ वर्षांवरील स्त्रिया यांना खालच्या शायिकेस प्राधान्य, एका बाजूच्या शायिकेवर दोघांना बसवणारी ‘आरएसी’, प्रतीक्षायादीचे निरनिराळे प्रकार. १९९७ मध्ये तत्काळ आले. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. असा प्रत्येक नियम म्हणजे एखाद्या वादावर, गरजेवर किंवा तक्रारीवर कधीतरी दिलेला निवाडा होय. परिपत्रक धूळ खात पडते. प्रोग्राम मात्र तो निवाडा रोज अमलात आणतो. जुना प्रोग्राम फेकून देणे म्हणजे हे निवाडे विसरणे.

विसरण्याची किंमत किती असते हे ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये अनुभवले. आपली सर्व खाती तिने एका आठवड्याअखेरीस नव्या प्रणालीवर नेली आणि लाखो ग्राहक दिवसचे दिवस आपल्याच पैशांपासून तुटले. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी तिला जवळपास ४ कोटी ८७ लाख पौंडांचा दंड ठोठावला.

*मोजणे आणि मापणे*

येथवर इतिहास झाला. आता प्रत्यक्ष काम करताना काय घडते ते पाहू.

पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून पाहा. उत्तर ०.३ येत नाही; ०.३०००००००००००००००४ येते. कारण ही भाषा अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवते आणि एक दशांश ही संख्या द्विमानात नेमकी लिहिता येत नाही. जसे एक तृतीयांश दशमानात लिहिता येत नाही, तसे. भौतिकशास्त्रज्ञाला याची खंत नसते. माझ्या उपकरणाची चूक सतराव्या दशांश स्थळाच्या कितीतरी आधी येते. आम्ही मापतो, आणि मापनात त्रुटी गृहीतच असते.

बँक मात्र मापत नाही, ती मोजते. मोजणीत त्रुटीला जागा नाही. म्हणूनच कोबोलमध्ये प्रत्येक रकमेचे आधी चित्र काढावे लागते : दशांश चिन्हाआधी किती अंक, नंतर किती. आकडेमोड त्या दशमान चौकटीत होते. पायथनमध्येही २००४ पासून दशमान आकडेमोडीची स्वतंत्र सोय आहे, पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

आणि तेवढ्यानेही काम भागत नाही. समजा व्याजाची रक्कम ७ रुपये १३.५ पैसे आली. कोबोलमध्ये ‘पूर्णांकित करा’ असे स्पष्ट सांगितले नसेल तर जादा अंक सरळ छाटला जातो : ७.१३. सांगितले असेल तर ७.१४. आता रक्कम ७ रुपये १२.५ पैसे घ्या. पूर्णांकित करणारे कोबोल ७.१३ देईल. पायथनची दशमान सोय मात्र तिच्या मूळ रीतीप्रमाणे अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम अंकाकडे नेते आणि ७.१२ देते. एका पैशाचा फरक. एक कोटी खात्यांवर तो जास्तीत जास्त एक लाख रुपये. रक्कम बँकेच्या दृष्टीने मोठी नाही. पण ताळेबंद जुळत नाही, आणि न जुळणाऱ्या ताळेबंदाइतकी अस्वस्थता पेढीत दुसरी कशाने येत नाही. यांपैकी बरोबर उत्तर कोणते? याचा निर्णय कोबोलही देऊ शकत नाही आणि पायथनही. तो बँकेच्या नियमात आहे, आणि कित्येकदा त्या नियमाची एकमेव शिल्लक प्रत म्हणजे तो जुना प्रोग्राम असतो.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. माझी फजिती झाली आहे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी गटातील एक जुना फोर्ट्रान ७७ प्रोग्राम मी उत्साहाने पायथनमध्ये आणला. स्तंभ सात ते बहात्तर यांच्या आतच लिहायचे, ‘आय’पासून ‘एन’पर्यंतच्या अक्षरांनी सुरू होणारी नावे आपोआप पूर्णांकांची, असे त्याचे सोवळे मला हास्यास्पद वाटे. माझा नवा प्रोग्राम सुबक होता. उत्तरे मात्र चौथ्या अंकात चुकत. तीन आठवड्यांनी कारण सापडले. जुन्या प्रोग्राममध्ये एका पूर्णांकाला दोनाने भागले होते. फोर्ट्रानमध्ये सातला दोनाने भागले तर तीन येतात; मी वापरत असलेल्या पायथनमध्ये साडेतीन. ती मला जुन्या लेखकाची चूक वाटली होती. म्हणून मी ती मनातल्या मनात ‘सुधारली’ होती. वास्तविक तेथे तीनच हवे होते. जाळीच्या मधल्या बिंदूचा तो क्रमांक होता. चूक माझ्या वाचण्यात होती.

त्यानंतर समजलेली आणखी एक गोष्ट मला नम्र करून गेली. पायथनमध्ये समीकरणे सोडवताना आपण ज्या ग्रंथालयाला हाक मारतो, ते पुढे ‘लॅपॅक’कडे काम सोपवते. लॅपॅक १९९२ चे, आणि मूळ फोर्ट्रानमधले. मी ज्या भाषेला हसत होतो, तीच माझ्या नव्या प्रोग्रामच्या पोटात आकडेमोड करत होती.

*मोडी वाचणारे*

मराठी वाचकाला हे सारे ओळखीचे वाटायला हवे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत. त्यांतील हिशेब मोडी लिपीत आहेत. मोडीची अक्षरे काही आठवड्यांत शिकता येतात. पण अक्षरे लागली म्हणून कागद लागतो असे नाही. त्यावरील वर्ष बहुधा शुहूर सनाचे असते, तेही अरबी संख्यानामांत. मृगाच्या सुमारास सुरू होणाऱ्या त्या वर्षात ५९९ किंवा ६०० मिळवल्यावर इसवी सन हाती येतो. कोणता आकडा मिळवायचा, हे कागदाच्या महिन्यावर ठरते. दोन अंकी वर्षाचा घोटाळा सोडवणाऱ्यांपुढचा आणि हा, प्रश्न एकच आहे : लिहिणाऱ्याने जे सर्वांना ठाऊक आहे म्हणून लिहिलेच नाही, ते वाचणाऱ्याने कुठून आणायचे?

मोडीचे जाणकार विरळ झाले तेव्हा कागद नष्ट झाले नाहीत, मुके झाले. कोबोलच्या बाबतीत तोच धोका आता समोर आहे. एप्रिल २०२० मध्ये बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आल्यावर अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले होते.

*मग शिकायचे काय?*

आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कोबोलचे जावा किंवा पायथन करून देतात. १९७४ ची ती गाळणी आता प्रत्येकाच्या टेबलावर आहे. भाषांतर स्वस्त झाले. यापुढे मोलाचा ठरेल तो माणूस, जो भाषांतर तपासू शकेल. म्हणजे ज्याला दोन्हीकडचे वाचता येते आणि दोन ओळींमधील मौन ऐकू येते.

म्हणून विद्यार्थ्यांना मी आता असे सांगतो. नवी भाषा अवश्य शिका. पायथन, जावा, जी हाती येईल ती. तिचा अभ्यास करायला मात्र कोरे पान घेऊ नका, एखादा जुना, चालता प्रोग्राम घ्या. पहिला महिना त्यात एक अक्षरही बदलू नका. त्याला निरनिराळी आधाने द्या आणि येणारी उत्तरे जपून ठेवा, विशेषतः विचित्र वाटणारी. मग आपला नवा प्रोग्राम त्याच्या शेजारी उभा करा आणि दोघांना तेच प्रश्न विचारा. उत्तरे जिथे वेगळी येतील, तिथे आधी स्वतःवर संशय घ्या. फरकाचे कारण सापडले की ते साध्या मराठीत किंवा इंग्रजीत, पूर्ण वाक्यात, लिहून ठेवा. त्यानंतरच जुन्याचा एक एक भाग उतरवून घ्या. मार्टिन फाउलर या सॉफ्टवेअर तज्ज्ञाने २००४ मध्ये या रीतीला वडाच्या कुळातील एका वृक्षाची उपमा दिली होती. तो दुसऱ्या झाडावर रुजतो, हळूहळू त्याच्याभोवती मुळे सोडतो आणि एक दिवस स्वतःच्या बळावर उभा राहतो. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींत उगवलेला पिंपळ पाहिलेल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

रेल्वेची नवी प्रणाली मिनिटाला दीड लाख तिकिटे देईल तेव्हा तिचे कौतुक जरूर करू. पण तिची खरी कसोटी वेगातच असेल असे मला वाटत नाही. पन्नाशीतील एखादी बाई रात्रीच्या गाडीत एकटी चढेल आणि न मागता तिला खालची शायिका मिळालेली असेल. तो नियम कोणी, कधी लिहिला हे तिला ठाऊक नसेल. नवी भाषा शिकून आलेल्या कोणा तरुणाने जुन्या प्रोग्राममधील ती एक ओळ लक्षपूर्वक वाचलेली असेल, एवढेच.

तुमच्या संस्थेत, प्रयोगशाळेत किंवा कार्यालयात असा एखादा जुना प्रोग्राम आजही चालू असेल, तर त्याचे वय, त्याची भाषा आणि त्याला वाचू शकणारी किती माणसे उरली आहेत, हे अवश्य कळवा. ती माणसे निवृत्त होण्याआधी त्यांच्याशेजारी बसायला हवे.